देहाची साक्ष

पुण्याहून नगरकडे येताना घोडनदी ओलांडली, म्हणजे थोड्या अंतरावर पारनेर तालुक्याचा जो उघडा, मुरमाड आणि पर्जन्याच्या बाबतीत सदैव उपेक्षित असा मुलूख सुरू होतो, त्यातच हमरस्त्याला लागून सुपा हे गाव वसलेले आहे. औद्योगिक वसाहतीमुळे या गावाचे नाव अलीकडे दूरवर पोहोचले असले, तरी शिवारातली ज्वारी अद्याप हस्ताच्या पावसाकडेच डोळे लावून असते. एकोणिसाव्या शतकात या रस्त्यावर सुप्याच्या दोन्ही अंगांना अमेरिकन मराठी मिशनची ठाणी पडली : नगरास १८३१ साली आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी शिरूरास. या दोन ठाण्यांच्या दरम्यानच्या खेड्यांतून कधी चावडीपाशी, तर बहुधा वेशीबाहेरच्या वस्तीत उभे राहून प्रचारक जो वृत्तांत सांगत, तो सारांशाने असा होता, की दूरच्या एका मुलखात, रोमी अमलाखाली, राजद्रोहाच्या आरोपावरून ज्याला वधस्तंभावर खिळून ठार मारले, तो नासरेथचा येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून सदेह उठला, आणि त्याचे उठणे हेच तुमच्या-आमच्या उद्धाराचे अभिवचन आहे.

या वृत्तांताचा अर्धा भाग मराठी सुशिक्षितांना कधीच जड गेला नाही. येशूच्या करुणेला, त्याच्या क्षमाशीलतेला आणि दीनदुबळ्यांविषयीच्या त्याच्या कळवळ्याला येथील विचारवंतांनी मनःपूर्वक मान दिला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्याला बळीराजाच्या पंक्तीस बसवले, १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या धुरीणांनी त्याच्या उपदेशाविषयी वारंवार आदर व्यक्त केला, आणि नारायण वामन टिळकांसारखा प्रतिभावंत कवी आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने दिलेला नवा करार चाळता चाळता डोंगरावरील प्रवचनापाशी जो थांबला, तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेऊनच पुढे निघाला. अडचण उभी राहते ती वृत्तांताच्या उत्तरार्धाशी. सद्गुरू म्हणून येशू मान्य, हुतात्मा म्हणून वंदनीय. परंतु रिकाम्या कबरेची हकिकत तेवढी भाविकांच्या पदरात घालून चरित्र व उपदेश आपण ठेवून घ्यावा, असा एक सुसंस्कृत तोडगा आपल्याकडे रूढ झालेला आहे.

हा तोडगा सद्भावनेतून निघालेला असला तरी तो टिकणारा नाही, असे माझे मत आहे. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपला सर्व डाव या एकाच गोष्टीवर लावला आहे : ख्रिस्त उठला नसेल, तर आमचा उपदेश फोल आणि तुमचा विश्वासही फोल, असे तो निक्षून सांगतो. पुनरुत्थान वगळले असता उरते ते एका सज्जनाचे शोकांत चरित्र, आणि सज्जनांचा शोकांत ही काही जगाला सुवार्ता नव्हे. तो तर जगाचा नित्याचा अनुभव आहे. परंतु याहूनही महत्त्वाचे कारण निराळे आहे. पुनरुत्थानाच्या श्रद्धेत मानवी देहाविषयी जे विधान केलेले आहे, ते नगर जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांचे देहच विटाळाचे मानले गेले, तेथे केवळ तत्त्वचर्चेचा विषय होऊच शकत नव्हते.

आधी त्या चरित्राकडे पाहू. ख्रिस्ती श्रद्धेचे पहिले वैशिष्ट्य हे, की ती आपल्या तारणाऱ्याचे आयुष्य कालपटावर एका निश्चित ठिकाणी रोवून ठेवते. प्रेषितांचा म्हणून जो विश्वासांगीकार मंडळ्यांतून म्हटला जातो, त्यात येशू आणि त्याची माता मरीया यांच्याखेरीज ज्या एकाच माणसाचे नाव येते, तो पंतय पिलात नावाचा रोमी सुभेदार आहे. इतक्या पवित्र उच्चारात या दुबळ्या अंमलदाराला जागा मिळाली, ती दस्तऐवजावर तारीख-वार घालावा त्या हेतूने. पिलाताचा अंमल इसवी सन २६ ते ३६ असा होता. रोमी इतिहासकार टॅसिटस याने त्याच्याच कारकिर्दीत ख्रिस्ताला देहान्त शिक्षा झाल्याची नोंद केली आहे. आणि १९६१ साली कैसरिया येथील उत्खननात पिलाताचे नाव कोरलेली शिळाही हाती आली. देव अवतरला असे सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु तो अमुक सुभेदाराच्या कचेरीत, अमुक आरोपाखाली उभा राहिला, असे सांगण्यात एक विलक्षण धाडस आहे, कारण असे विधान खोटे ठरवण्याची सोय ते करणाऱ्यानेच करून ठेवलेली असते.

दुसरे वैशिष्ट्य त्या आयुष्याच्या देहमयतेचे. येशूला भूक लागते, तो विहिरीच्या काठी थकून बसतो, मित्राच्या मरणाने रडतो, आणि पकडले जाण्यापूर्वीच्या रात्री मृत्यूच्या भयाने घामाघूम होतो. त्याच्या सामर्थ्याच्या कृत्यांतही स्पर्शाला असाधारण महत्त्व आहे. ज्याच्यापासून लोक दूर पळत, त्या कुष्ठरोग्याला तो हात लावतो; बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवते, तेव्हा तिच्यावर कोपण्याऐवजी तिला कन्या म्हणून संबोधतो; आणि नाईन गावाच्या वेशीपाशी एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाच्या तिरडीला हात लावून प्रेतयात्रा थांबवतो. तत्कालीन शुद्धाशुद्धतेच्या नियमानुसार या तिन्ही प्रसंगी विटाळ त्याच्याकडे यावयास हवा होता. घडले उलटच : आरोग्य त्याच्याकडून त्यांच्याकडे गेले. सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेत वाढलेल्या कोणत्याही मराठी श्रोत्याला या प्रसंगांचे मर्म वेगळे उकलून सांगावे लागत नसणार.

ईश्वर मनुष्य झाला ही कल्पना या भूमीला परकी नव्हती. सुप्याच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे आहे, जेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली, आणि त्या गीतेच्या चौथ्या अध्यायात धर्माला ग्लानी येईल त्या त्या वेळी अवतार घेण्याचे भगवंताचे अभिवचन आहे. याच जिल्ह्यात शिर्डी आहे, आणि नगरपासून जवळच मेहेर बाबांचे मेहेराबाद आहे. अवताराची कल्पना येथे अशी मुरलेली होती, म्हणूनच फादर थॉमस स्टीफन्स या १५७९ साली गोव्यास उतरलेल्या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगावयाची ठरवली, तेव्हा त्याने पुराणाचे रूप आणि ओवीचा छंद निवडला. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ही या निवडीची साक्ष होय. पुढे नगरच्या मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली आणि टाळ, वीणा, मृदंग यांच्या साथीने येशूचे आख्यान उत्तररंगात रंगू लागले.

तथापि सारखेपणाच्या या भूमीवर उभे राहिल्यावरच भेद स्पष्ट दिसू लागतो. गीतेतील अवतार युगायुगांतून पुनःपुन्हा होतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवपुत्राचा देहधारणेचा प्रसंग एकदाच घडला आणि त्याने धारण केलेला देह त्याने पुन्हा उतरवून ठेवलेला नाही. त्याचे मनुष्यपण हा केवळ भास होता, दुःख भोगणारा वेगळाच कोणी होता, असे म्हणणारे पंथ आरंभीच्या शतकांत निघाले होते; मंडळीने त्यांना ठामपणे नाकारले, आणि ४५१ साली खाल्किदोन येथील परिषदेने तो पूर्णत्वाने देव आणि पूर्णत्वाने मनुष्य, असा निर्वाळा दिला. या निर्णयामागे सूक्ष्म तर्काची हौस नव्हती. जे त्याने खरोखर स्वीकारले नाही त्याचा उद्धारही त्याने केला नाही, अशी त्या आचार्यांची धारणा होती. आणि म्हणून देहाला वगळून केलेला उद्धार त्यांना अपुरा वाटत होता.

आता मृत्यू आणि त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाकडे येऊ. वधस्तंभाची शिक्षा किती क्रूर होती, हे १९६८ साली यरुशलेमच्या परिसरात सापडलेल्या एका अस्थिपेटीने डोळ्यांपुढे आणले. पहिल्या शतकातील एका पुरुषाच्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा अद्याप तसाच होता. त्याचे टोक वाकले असल्याने पुरणाऱ्या आप्तांना तो उपसता आला नव्हता. तो माणूस येशू नव्हे. परंतु त्या एका हाडावरून दोन गोष्टी शाबीत होतात : वधस्तंभावर मेलेल्याचे काय होत असे, आणि अशा माणसाचेही प्रेत क्वचित् आप्तांच्या स्वाधीन होऊन त्याला रीतसर दफन लाभत असे. अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडे जाऊन येशूचे शरीर मागितले आणि खडकात खोदलेल्या कबरेत ते ठेवले, ही शुभवर्तमानांतील हकिकत त्यामुळे असंभाव्य राहत नाही.

चारही शुभवर्तमाने एवढे एकमुखाने सांगतात, की सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मोठ्या पहाटे काही स्त्रिया त्या कबरेपाशी गेल्या, आणि तोंडावरची धोंड बाजूला सारलेली व आत शरीर नाही, असे त्यांना आढळले. तपशिलात मात्र या चार जबान्या जुळत नाहीत. स्त्रिया किती होत्या, त्यांना एक दूत दिसला की दोन, त्यांनी हे वर्तमान लगेच सांगितले की भयाने मौन धरले, याविषयी प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती तर त्या स्त्रिया भिऊन पळून गेल्या येथेच संपतात. या विसंगती लपवण्याचे कारण नाही. पढवलेल्या साक्षीदारांच्या जबान्या शब्दाला शब्द जुळतात. भयंकर काही प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या जुळत नाहीत, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव आहे.

त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट साक्षीदारांच्या निवडीची. त्या काळी न्यायाच्या कामी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. दुसऱ्या शतकातील केल्सस नावाच्या टीकाकाराने तर भ्रमिष्ट बाईच्या बोलण्यावर उभारलेला धर्म म्हणून याच कारणासाठी उपहास केला. कोणी बनावट वृत्तान्त रचावयास बसला असता, तर त्याने पेत्रासारखा पुरुष किंवा निकदेमासारखा प्रतिष्ठित गृहस्थ पहिला साक्षीदार म्हणून उभा केला असता. मग्दालीया मरीयेला केला नसता. तिचे नाव तेथे राहिले याचे सर्वांत सरळ कारण हे, की तेच घडले होते आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे लिहिणारांना वाटले नाही. पौलाने आपल्या पत्रात दिलेली यादी, म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी स्वतः तो, ही घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आत लिहिली गेली, आणि त्या पाचशेंपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असे तो आवर्जून नमूद करतो. जणू ज्याला रुजुवात घालावयाची असेल त्याने खुशाल घालावी.

या पुराव्याने पुनरुत्थान सिद्ध होते काय? गणितातील सिद्धान्त सिद्ध होतो त्या अर्थाने नाही. शरीर चोरीला गेले असेल, शोकाकुल मनांना आभास झाला असेल, हे आक्षेप जुने आहेत आणि ते प्रामाणिकपणे घेतले जातात. इतिहास आपल्याला एवढेच सांगू शकतो, की गुरूच्या अटकेच्या रात्री पळून गेलेली, दारे लावून बसलेली माणसे थोड्याच अवधीत त्याच यरुशलेमात उघडपणे उभी राहिली, आणि तो उठला आहे या एका विधानासाठी त्यांतील काहींनी प्राण दिले. येथवर इतिहासाचा अधिकार चालतो. पुढचे पाऊल श्रद्धेचे आहे, आणि ते ज्याचे त्यानेच टाकावयाचे असते.

परंतु श्रद्धेने जे स्वीकारले जाते ते नेमके काय, हे मात्र स्पष्ट असले पाहिजे. महाराष्ट्राला मृत्यूवरील विजयाच्या कथा ठाऊक आहेत. १२९६ साली आळंदीस ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली आणि ते तेथे आजही सचेतन आहेत, ही वारकऱ्यांची निष्ठा आहे; तुकोबा सदेह वैकुंठास गेले, असे देहूची परंपरा मानते. या श्रद्धांविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक फरक सांगावासा वाटतो. तेथे सिद्धपुरुष स्वेच्छेने, पूर्णत्वाच्या क्षणी, भक्तांच्या जयघोषात निघून जातो. येथे मात्र मारला गेलेला, अवमानित, गुन्हेगार ठरवलेला देह परत येतो, आणि परत येताना आपल्या जखमा बरोबर आणतो. उठलेल्या येशूला शिष्य ओळखतात ते तेजाने नव्हे. तो भाजलेल्या माशाचा तुकडा मागून त्यांच्यासमोर खातो. अम्माऊसच्या वाटेवर बरोबर चाललेला तो अनोळखी वाटसरू भाकर मोडतो तेव्हा त्यांची ओळख पटते. आणि संशय घेणाऱ्या थोमाला तो हातांवरचे खिळ्यांचे व्रण आणि कुशीतला भाल्याचा घाव पुढे करून दाखवतो. देवाच्या सामर्थ्याने मृत्यू परतवला, पण जखमा पुसल्या नाहीत. मला तर सगळ्या ख्रिस्ती धर्मशास्त्राचे सार या एका गोष्टीत दिसते : ज्या देहाची जगाने विटंबना केली, त्याच देहाला, विटंबनेच्या खुणांसकट, देवाने गौरवात घेतले.

हे विधान घेऊन प्रचारक नगरच्या खेड्यांत आले, तेव्हा ते ऐकणारे बहुतांशी महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले लोक होते. ज्यांना गावच्या विहिरीवर चढण्यास मज्जाव होता आणि ज्यांची सावलीही ओलांडली जात नसे, त्यांच्यापुढे आत्म्याच्या अमरत्वाची गोष्ट नवी नव्हती. आत्मा सर्वांचा सारखाच, हे तर संतांनी शतकानुशतके सांगितलेच होते. प्रश्न देहाचा होता. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि त्यानंतर या जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणारांची संख्या वाढली, म्हणून ती माणसे पोटासाठी बाटली, असा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. हा ठपका ठेवणारांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्याचा प्रभू उठल्यानंतर शिष्यांना काही खायला आहे का म्हणून विचारतो, त्या धर्मात भूक ही लाजिरवाणी गोष्ट नाही. शिवाय त्यांना तेथे मिळाले ते केवळ धान्य नव्हते. प्रभुभोजनाच्या वेळी एकच भाकर आणि एकच प्याला हातोहात फिरे. आणि ज्याने तो प्याला आधी ओठांना लावला तो पूर्वीचा महार असला, तरी पुढच्या ब्राह्मणाने तो न पुसता घ्यावयाचा, अशी ती शिस्त होती.

हा अडसर ओलांडणे किती कठीण होते, याचे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतके प्रामाणिक चित्र मराठीत दुसरे नाही. पती नारायण वामन यांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना आड आली ती ख्रिस्ताच्या देवत्वाची शंका नव्हे. आड आले ते पाणी, अन्न आणि शिवाशीव. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे ज्या दिवशी त्यांना मनोमन पटले, त्या दिवशी खरा निर्णय झाला. १९०० साली त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा ही त्याची पूर्तता होती. पुढे ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेत कधी न बसलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले महाकाव्य स्वतः रचून पूर्ण केले. म्हणजे त्या ग्रंथातील दुःखसहन, मृत्यू आणि पुनरुत्थान हा सारा भाग त्यांच्या लेखणीतून उतरलेला आहे. त्याच काळात पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून समग्र बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ मधील आपल्या निधनापूर्वी हातावेगळे केले. ज्या वृत्तांताच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या, तो मराठीत वाहून आणण्याचे श्रेयही दोन स्त्रियांकडे मोठ्या प्रमाणात जाते, हा मी केवळ योगायोग मानीत नाही.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. मंडळीत जात विसर्जित झाली नाही. पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग कुटुंबांची बसण्याची जागा, पुढारीपणाच्या चुरशी आणि विशेषतः सोयरिकी यांतून ती टिकून राहिली, आणि काही ठिकाणी आजही टिकून आहे. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही; म्हणजे सरकारी दप्तरातून त्याची जात निघाली, गावाच्या मनातून निघाली नाही. पुनरुत्थानाचा अंगीकार दर रविवारी मुखाने करून शेजारच्या घरात मुलगी देताना मात्र कूळ विचारणारी मंडळी, उठलेल्या प्रभूच्या जखमा पाहूनही थोमापेक्षा मागेच राहिली आहे.

तरीही श्रद्धेचे बीज खोटे ठरत नाही. मेलेल्यांचे शरीर कोणत्या प्रकारचे असेल, या करिंथकरांच्या प्रश्नाला पौलाने उत्तर दिले ते पेरणीचे. जे पेरतो ते उगवणारे शरीर नसते, नुसता दाणा असतो; तो मरतो तेव्हाच त्याला देव त्याचे स्वतःचे अंग देतो. सुप्याच्या शिवारात पाभरीच्या नळीतून जमिनीत पडणारा शाळूचा दाणा आणि माघ-फाल्गुनात खळ्यावर येणारे टपोरे कणीस यांत रूपाचे काही साम्य नाही, आणि तरी ते त्याच दाण्याचे असते, दुसऱ्या कोणाचे नसते. पुनरुत्थित देहाविषयी ख्रिस्ती मनुष्य याहून अधिक सांगू पाहत नाही : हाच मी, पण रूपांतर पावलेला, माझे नाव, माझे आप्तसंबंध आणि माझ्या जखमा यांच्यासह.

म्हणून या श्रद्धेची कसोटी मृत्यूनंतर लागत नाही, ती आजच लागते. जो देह देव एके दिवशी उठवणार आहे, त्याला आज विहिरीवरून हाकलता येत नाही, कारखान्याच्या दारात नाव आणि आडनाव विचारून परत पाठवता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही. चर्चमधल्या बाकाचा आणि सोयरिकीच्या बोलण्याचाही हिशेब याच न्यायाने द्यावा लागेल. ज्यांना रिकाम्या कबरेची हकिकत पटत नाही, त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालण्याचे कारण नाही. ते आपापल्या मार्गाने या निष्कर्षाला येवोत. परंतु ज्यांनी ती हकिकत खरी मानली आहे, त्यांना पळवाट उरलेली नाही. आपण मानलेल्या सत्याची शाबिती आता कबरेपाशी मिळणार नसून, आपण आपल्या शेजाऱ्याच्या देहाशी कसे वागतो, तेथेच ती द्यावी लागणार आहे.